बिनगाठीची सुतळी

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी भांडलो. चांगला टेबलावर हात आपटून भांडलो. बायको म्हणाली, या वयात शोभतं का हे? नाही शोभत. पण झालं ते असं.

रिटायर झाल्यावर सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. लिफ्टच्या, टाकीच्या, पंपाच्या तक्रारी मी एका वहीत लिहून घेतो. तरुण मंडळींना वही बघवेना, म्हणून मोबाइलवर एखादं अ‍ॅप घ्यायचं ठरलं. कोणतं घ्यायचं हे कुणी ठरवायचं, तर ते विकणाऱ्या माणसालाच बोलावलं. त्याने भिंतीवर चित्रं पाडून तीन प्रकार दाखवले. एक स्वस्त, एक महाग आणि एक त्याहून महाग. तिन्हींत पंप चालू असला की हिरवा ठिपका आणि बंद पडला की लाल. मी विचारलं, पंप चालू आहे पण घरघरतोय, हे कुठे लिहायचं? तो हसून म्हणाला, "काका, घरघरतोय म्हणजे चालू आहे ना? मग हिरवाच."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तो बिचारा घाबरला. त्याला काय माहीत की हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी एकदा एका माणसाला ऐकवलं होतं. तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो आणि युसूफ मिस्त्री माझ्यासमोर उभे होते.

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात एका सरकारी ऑफिसात मी कारकून होतो. ऑफिसचं नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं काही वाकडं होणार नाही, आणि साहेब लोक तर केव्हाच पेन्शनीत गेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं, पालघर जिल्हा अजून झाला नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्यात. बदलीचा कागद आला तेव्हा माझ्या घरी सुतक लागल्यासारखी सगळी बसून राहिली होती. माझ्याकडे काम होतं हातपंपांच्या दुरुस्तीच्या कागदांचं. तिकडे गाव म्हणजे एका नावाखाली पाच-सात पाडे, आणि दोन पाड्यांच्या मध्ये कुठे टेकडी, कुठे नदी. पावसाळ्यात उभं राहू देणार नाही एवढा पाऊस, आणि होळी झाली की विहिरींचा तळ दिसायचा. त्यानंतर पाऊस येईपर्यंत पाड्याला एकच आधार, हापसा. तो बंद पडला की बायकांनी दरीत उतरायचं, नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणायचा आणि वाटी-वाटीने हंडा भरायचा. मी हे सगळं कागदावर वाचत होतो. मिस्त्री रोज बघत होते.

मिस्त्री जव्हारचे. त्यांच्या वडिलांचं तिथल्या बाजारात स्टोव्ह, कंदील, कुलुपं दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि मिस्त्रींची शाळा तीच. दुरुस्तीच्या पथकात ते मेकॅनिक होते. पथक शब्द ऐकायला मोठा, पण होतं काय? एक जीप, एक ड्रायव्हर, तीन मदतनीस आणि मिस्त्री. एवढ्यांनी दाभोसा, साखरशेतपासून खोडाळ्याच्या पलीकडपर्यंतचे हापसे सांभाळायचे. माणूस उंच, खांद्यात वाकलेला, उजव्या हाताचा अंगठा कधीतरी पाइपाखाली सापडून चपटा झालेला. शर्टाच्या खिशात पेन मी कधी पाहिलं नाही, पक्कड असायची. तिच्या वजनाने त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे लोंबलेले होते.

आणि राग! एवढा रागीट माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण पाड्यावर त्यांचा आवाज कधी चढला नाही. पोरांनी हापशात दगड टाकले तरी ते गुपचूप दगड काढायचे. सगळा राग ऑफिसात येऊन निघायचा. एका साहेबांनी तपासणीच्या आधी सगळ्या हातपंपांना पिवळा रंग लावायचा हुकूम काढला, तेव्हा मिस्त्री भर ऑफिसात म्हणाले की आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं सोडून नवा सदरा घालून घरातच का बसवता? साहेबांना धड कळलं नाही आणि आम्ही कुणी समजावून सांगितलं नाही. कुठलाही नवा हुकूम आला की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "काम करायचंय का काम दाखवायचंय?" उत्तर मिळेपर्यंत ते तिथेच उभे राहायचे.

हापशाशी त्यांचं वागणं बघण्यासारखं होतं. गेल्या गेल्या खोलायचे नाहीत. लोखंडाला कान लावायचे, डाव्या हाताने सावकाश दांडा मारायचे आणि सगळ्यांना गप्प बसवायचे. मदतनीस खोकला तरी त्याच्याकडे बघायचे. काम झालं, पाणी आलं, की पहिला तांब्या ज्या बाईने बिघाड कळवला तिला द्यायचे. स्वतः सगळ्यांत शेवटी प्यायचे, आणि तोवर पाड्यावरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

मी तिथे गेलो त्याच वर्षी जानेवारीत ऑफिसातून सगळ्यांना डायऱ्या मिळाल्या. मिस्त्रींना ताकीद मिळाली की रोजचं काम रोज लिहायचं. महिन्याने मी डायरी तपासायला मागितली. पानं कोरी आणि कव्हर गायब. विचारलं तर म्हणाले, कव्हर कातडी दिसलं म्हणून कापून हापशाचं वायसर करून बघितलं, एका दिवसात फाटलं. "डायरी तिथे पण कामाला आली नाही," एवढं बोलून ते निघून गेले. मी तेव्हा नवा होतो. मला तो उद्धटपणा वाटला आणि मी तसा शेरा मारून वर पाठवलं.

त्यांची स्वतःची डायरी भिंतीवर होती. मला ती डायरी आहे हे कळायलाच दोन महिने लागले.

त्याचं असं होतं. ऑफिसात येणारे अर्ज सगळे एका छापाचे. 'आमच्या येथील हातपंप नादुरुस्त असून तो त्वरित दुरुस्त करून मिळावा ही नम्र विनंती.' अर्ज ग्रामसेवकाने लिहिलेला, खाली सरपंचाची सही. हापसा कशाने बिघडलाय ते त्यात नसायचं, कारण लिहिणारा कधी हापसायला गेलेलाच नसायचा. मिस्त्री वायसर घेऊन घाट उतरायचे आणि तिथे सळई तुटलेली निघायची. पुन्हा परत, पुन्हा जीप, पुन्हा डिझेल, आणि तोवर पाडा कोरडा. पाणी भरणाऱ्या बायकांना सगळं माहीत असायचं. पण त्या ऑफिसात यायच्या नाहीत, आल्या तर उंबऱ्याबाहेर थांबायच्या. त्यांची घरची बोली वेगळी, आमची कागदाची मराठी त्यांना परकी. त्यात आमची तोंडं बघून कुणाला बोलावंसं वाटेल?

म्हणून मिस्त्रींनी सुतळी काढली. प्रत्येक पाड्यावर हापशाजवळ राहणारी एक बाई ठरवली. आठवड्यातून एकदा, सकाळी सगळ्यांच्या आधी, तिने हापसायचं आणि पाणी यायला किती दांडे मारावे लागले ते मोजायचं. दोन्ही हातांची बोटं संपली की सुतळीला एक गाठ, आणि पाणी आलंच नाही तर सुतळी बिनगाठीची. ती सुतळी बाजाराच्या दिवशी कुणाच्याही हाती खोडाळ्याला पाठवायची. मिस्त्री तिथे एका चहावाल्याच्या बाकावर बसायचे. आणणारा पाड्याचं नाव सांगायचा, सुतळी द्यायचा आणि बाजाराला जायचा. काम अर्ध्या मिनिटाचं. लिहिणं नाही, वाचणं नाही, कुणाची सही नाही.

ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी जुन्या दाराची एक फळी ठोकली होती. फळीवर खिळे, एका पाड्याला एक खिळा, आणि खिळ्यांचा क्रम जीप ज्या रस्त्याने जाते तोच. प्रत्येक खिळ्यावर मागच्या आठवड्याची सुतळी आणि या आठवड्याची सुतळी शेजारी शेजारी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, शिपायाने कसला तरी नवस केलाय.

मग एकदा त्यांनीच मला ती वाचायला शिकवली. गाठी हळूहळू वाढल्या, दोनाच्या तीन, महिन्याने चार, तर खाली वायसर झिजतंय. घाई नाही, त्या बाजूला जाणं होईल तेव्हा बदलायचं. पण एका आठवड्यात एकदम वाढल्या तर जमिनीखाली पाइपांच्या जोडावरचे आटे गेले. मग थांबायचं नाही. आटे पुरते सुटले की सगळे पाइप बोअरच्या तळाला कोसळतात आणि अडकून बसतात. ते काढायचं साधन आमच्याकडे नव्हतं. म्हणजे ती बोअर कायमची गेली, आणि डोंगरावर दुसरी बोअर मारून तिला पाणी लागेल याचा कुणी भरवसा देत नाही.

सगळ्या बायकांत उंबरपाड्याच्या सुकरीवर त्यांचा फार विश्वास. चाळिशीची, हडकुळी बाई. बाजारात यायची तेव्हा मिस्त्रींना 'मामा' म्हणायची आणि सुतळी देऊन बाजूला उभी राहायची. मध्येच कुणी हाक मारून मोजणी चुकवली तर ती अंदाजाने गाठ मारायची नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजायची. मिस्त्री म्हणायचे, आपल्या ऑफिसात असं एक माणूस असतं तर!

या सगळ्यामुळे मिस्त्रींचे हापसे बंद पडायच्या आधीच दुरुस्त व्हायचे. याचा तोटा एकच, कागदावर मिस्त्रींनी काही केलेलंच दिसायचं नाही. अर्ज नाही, तक्रार नाही, मग दुरुस्ती कसली केली? त्यांना एकदा मेमो निघाला, चालू स्थितीतील हातपंप उघडण्याचे कारण काय याचा लेखी खुलासा करावा. तो मेमो मीच टाइप केला होता. खुलासाही त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. "लिहा, बंद पडू नये म्हणून." मी म्हटलं, पुढे? म्हणाले, पुढे काय, सही कुठे करू?

दोन हजार साल उलटून गेल्यावर ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्यात हातपंपांच्या दुरुस्तीचा एक प्रोग्राम होता, जिल्ह्यासाठी कुणीतरी करून घेतलेला. मी ठाण्याला तीन दिवस ट्रेनिंग घेऊन आलो आणि एकदम शहाणा झालो. मिस्त्री कॉम्प्युटरच्या विरोधात होते असं जर कुणी म्हणालं तर मी त्याच्याशीही भांडेन. नव्या वस्तूचं त्यांना भारी वेड होतं. मुंबईला कामाला असलेल्या भाच्याकडून त्यांनी सेकंद मोजणारं डिजिटल घड्याळ मागवलं होतं, बादली किती वेळात भरते ते बघायला, आणि नवी चेनपुली मिळाली तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले होते. कामाला येते का एवढंच ते बघायचे. कॉम्प्युटर आला त्या दिवशी हात साबणाने धुऊन, स्टूल ओढून ते माझ्याशेजारी बसले.

त्यांनी विचारलं, यात पाडे कुठे आहेत? मी सांगितलं, पाडे नाहीत, गावाचं नाव आहे. एका गावाला एक ओळ. ते म्हणाले, गावात सहा हापसे असले तर? मी म्हटलं, त्यांतला एक दुरुस्त केला की गाव चालू. मग त्यांनी विचारलं, गाठी कुठे भरायच्या? मी सांगितलं, चालू किंवा बंद, दोनच पर्याय. यादी रस्त्याच्या क्रमाने निघेल का? नाही, अर्जाच्या तारखेने. म्हणजे आज या टोकाला, उद्या त्या टोकाला. प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं, फॉरमॅट वरून आलाय. त्यांनी अगदी साधं मागितलं होतं हो. एक रकाना वाढवा, म्हणाले, फक्त एक, आकडा लिहायला. मी वर एक पत्रसुद्धा टाकलं नाही. कशाला विचारायचं, उगाच आपण डोळ्यावर येऊ, असं माझं तेव्हाचं डोकं.

शेवटी ते उठले. "बंद पडलेला हापसा तर म्हशीला पण कळतो, भाऊसाहेब. त्याला ही पेटी कशाला?"

त्या पेटीबरोबर दोन नियम आले. गावाच्या ओळीत 'बंद' भरल्याशिवाय आणि ग्रामसेवकामार्फत अर्ज आल्याशिवाय कामाची चिठ्ठी छापून निघायची नाही, आणि चिठ्ठीशिवाय जीपला डिझेल नाही. शिवाय कॉम्प्युटरला लागणारं विजेचं बटण होतं ते नेमकं फळीच्या भिंतीवर. जिल्ह्याहून साहेब बघायला येणार होते, भिंत रंगवायची होती. फळी मी काढली. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही, हातोडी माझ्याच हातात होती. सुतळ्या पोत्यात भरून शिपायाला दिल्या आणि त्याने त्या पाणी तापवायच्या बंबात घातल्या. संध्याकाळी मिस्त्री आले, रिकाम्या भिंतीकडे बघितलं. फळी उचलली आणि जव्हारच्या एसटीच्या टपावर टाकून घरी घेऊन गेले. सुतळ्या बाजारात येतच राहिल्या. आता ते त्या खिशात ठेवायचे.

मग तो मे महिना आला.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी दोन सुतळ्या कीबोर्डवर ठेवल्या. उंबरपाड्याच्या. मागच्या आठवड्याच्या सुतळीला तीन गाठी, या आठवड्याच्या सुतळीला नऊ. मला वाचता येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं ना! ते म्हणाले, आटे गेलेत, आजच गाडी पाहिजे. मी गावाची ओळ उघडली. गावठाणातला हापसा मागच्या महिन्यात दुरुस्त झालेला, ओळ 'चालू'. अर्ज नाही. ग्रामसेवक लग्नसराईत रजेवर. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं, आणि वर विचारलं, "मिस्त्री, पाणी येतंय ना? मग चालूच आहे तो."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊसाहेब, बंद लिहा. एक शब्द खोटा लिहा. बोअर वाचेल."

मी म्हटलं, खोटं कसं लिहू?

आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्या ऑफिसात मी काय काय खोटं लिहिलं होतं! न झालेल्या बैठका, न गेलेले दौरे, साहेबांच्या सांगण्यावरून मागच्या तारखेच्या सह्या. आणि नेमक्या त्या दिवशी माझ्यात हरिश्चंद्र शिरला. खरं कारण वेगळंच होतं. महिनाअखेरचा अहवाल जिल्ह्याला जायचा होता आणि साहेबांनी बजावलं होतं की आता एकही बंद वाढता कामा नये. साहेबांना विचारतो असं मी मिस्त्रींना सांगितलं. विचारलंही. साहेब म्हणाले, रीतसर अर्ज येऊ दे. तेवढ्यावर मी गप्प बसलो.

पाइप वर ओढायला चार माणसं, लोखंडी तिपाईचा घोडा, चेनपुली लागते. एसटीने नेण्यातलं ते काम नाही. मिस्त्री एकटेच गेले, एसटीने आणि पुढे चालत, आणि पाड्याला सांगून आले की गाडी घेऊन येतो, तोवर हापशाला हात लावू नका. त्यांनी दांडा दोरीने बांधून ठेवला. आणि त्या माणसांनी ऐकलं. मेच्या उन्हात, दारात पाणी देणारा हापसा असताना, सहा दिवस बायका दरीत उतरून झिऱ्याचं पाणी भरत राहिल्या, कारण मामाने सांगितलं होतं. मिस्त्री रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायचे आणि विचारायचे, आला का अर्ज? मी मान हलवायचो. सहाही दिवस मी मान हलवली.

सातव्या दिवशी सुकरीची सून बाळंत झाली. घरात पाण्याचा थेंब नाही आणि झिऱ्यावर ही रांग. कुणीतरी दोरी सोडली. चार-पाच हंडे भरले म्हणतात. मग जमिनीखाली धाडधाड आवाज झाला आणि दांडा हलका पडला.

सुकरी ऑफिसात आली. उंबऱ्याच्या आत आलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. तिच्या मागे मिस्त्री. तिने माझ्यासमोर सुतळी ठेवली. एकही गाठ नव्हती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माफी मागायला आली होती. मामाने हात लावू नका सांगितलं होतं, आम्ही लावला, चूक आमची, असं ती सांगत होती. मग सुतळीकडे बोट करून म्हणाली, "उजाडल्यापासून हापसला, भाऊ. गाठ मारायला काय नाय."

मिस्त्री तिला म्हणाले, तू गप, तुझी काही चूक नाही. आणि मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता हात उचलणार. उचलायला हवा होता.

"भाऊसाहेब, आता लिहा बंद," ते म्हणाले. "आता खरं आहे."

ग्रामसेवक आदल्या दिवशीच रजेवरून आला होता, त्याच्याकडून तासाभरात अर्ज आला. मी 'बंद' लिहिलं. प्रिंटर घरघरला आणि कामाची चिठ्ठी बाहेर आली, डिझेलसकट मंजूर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मिस्त्रींनी चिठ्ठीला हात लावला नाही. टेबलावरची सुतळी मात्र उचलून खिशात घातली.

पुढचं ऐका. बोअर निकामी म्हणून उंबरपाड्याचा हातपंप गावाच्या हिशोबातूनच वगळला. गावठाणातला चालूच होता, म्हणून गावाची ओळ पुन्हा 'चालू' झाली. महिनाअखेरचा अहवाल स्वच्छ निघाला. जिल्ह्याहून साहेबांचं कौतुक आलं आणि साहेबांनी मला, संगणकीकरणात केलेल्या उत्कृष्ट कामाबद्दल, सही-शिक्क्याचं पत्र दिलं. ते पत्र मी तेव्हा फाडलं नाही. बढतीच्या फाइलला जोडलं. उंबरपाड्याची अर्धी घरं दोन उन्हाळ्यांत सडकेकडे सरकली, उरलेल्या बायका दरीत उतरत राहिल्या. कुणाची चौकशी झाली नाही. झाली असती तर माझा कागद अगदी बिनचूक होता.

त्यानंतर मिस्त्री माझ्याशी कामाशिवाय बोलले नाहीत. पुढे ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला आलेच नाहीत, शाल आणि नारळ शिपायाकरवी घरी पाठवावे लागले. मग माझीही बदली झाली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तीन-चार वर्षांनी. जुन्या सर्व्हिसबुकातल्या एका नोंदीसाठी मला तिकडे जावं लागलं होतं आणि परतीच्या वाटेवर जीप खोडाळ्याला थांबली. बाजाराचा दिवस होता. त्याच चहावाल्याच्या त्याच बाकावर मिस्त्री बसले होते. दाढी पांढरी झालेली, खिसा तसाच लोंबलेला. मागे कुडाला ती फळी टेकून ठेवलेली, आणि तिच्यावर सुतळ्या. चहावाल्याने सांगितलं की आता पाडेवालेच त्यांना वर्गणीच्या जीपने नेतात, चार माणसंही पाड्यावरचीच, सरकारी गाडीची वाट कोण बघतो.

मी जवळ गेलो. त्यांनी ओळखलं, बाकावर जरा सरकले, पण बसा म्हणाले नाहीत. मी फळी वाचायला लागलो. कुठे दोन गाठी, कुठे तीन, एका खिळ्यावर पाच. आणि सगळ्यांत शेवटच्या खिळ्यावर एक जुनी, धुरकट सुतळी, बिनगाठीची. माझा हात आपोआप तिच्याकडे गेला. काढणार होतो की नुसता लावणार होतो, कोण जाणे. उंबरपाड्याचा खिळा अजून ठेवलाय तुम्ही, असं काहीतरी मी बोललो.

"राहू द्या तिला," मिस्त्री म्हणाले. "तो उंबरपाड्याचा खिळा नाही. तो तुमचा आहे."

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आली, पाड्याचं नाव सांगून तिने सुतळी पुढे केली. मिस्त्रींनी ती घेतली, चपट्या अंगठ्याने एकेक गाठ चाचपून मोजली आणि तिला विचारलं, दांडा कसा वाटतो, जड का हलका? ती सांगत होती आणि ते ऐकत होते. माझ्या जीपवाल्याने हॉर्न दिला. मी निघालो तेव्हा त्यांनी मान वर करून बघितलं नाही.